युरोपच्या संरक्षणावर अंकुश कोणाचा?

युरोपियन युनियनच्या मंत्रिपरिषदेने २७ मे २०२५ रोजी शस्त्रखरेदीसाठी १५० अब्ज युरोंची ‘सेफ’ कर्जयोजना मंजूर केली. युनियनच्या करारातील, अपवादात्मक प्रसंगांसाठी असलेल्या कलम १२२ चा आधार घेतल्यामुळे युरोपियन संसदेच्या मताची गरजच उरली नाही, आणि संसदेने न्यायालयात धाव घेतली.

योगायोग असा की २७ मे १९५२ रोजीच पॅरिसमध्ये सहा देशांनी युरोपियन संरक्षण समुदायाच्या करारावर सह्या केल्या होत्या. जर्मनांच्या हाती पुन्हा शस्त्रे द्यायची, पण स्वतंत्र जर्मन सैन्य उभे राहू द्यायचे नाही, यासाठी सामाईक सेनेची ही कल्पना फ्रान्सनेच मांडली होती. ती बुडवली तीही फ्रान्सच्याच संसदेने : ३० ऑगस्ट १९५४ रोजी तिने ३१९ विरुद्ध २६४ मतांनी हा करार चर्चेलाही न घेता निकालात काढला. त्यानंतर उभ्या राहिलेल्या पश्चिम युरोपीय संघ या संरक्षण-संघटनेत राष्ट्रीय संसदांच्या सदस्यांची एक सभा होती खरी, पण सरकारांनी तिला वार्षिक अहवाल द्यावा आणि तिने त्यावर प्रश्न विचारावेत, एवढाच तिचा वकूब; २०११ मध्ये तीही बंद झाली.

युरोपियन युनियनची स्थापना करणाऱ्या मास्ट्रिच्ट कराराने सुरक्षा धोरण सरकारांच्या एकमतावर सोपवले. त्यात पुढे बदल करणाऱ्या लिस्बन करारानेही युरोपियन संसदेला सल्लामसलत आणि वर्षातून दोन चर्चा यांपलीकडे फारसे काही दिले नाही. लष्करी मोहिमांचा खर्च युनियनच्या अर्थसंकल्पाबाहेर ठेवलेला असल्याने तिजोरीच्या किल्ल्याही तिच्या हाती नाहीत.

सैन्य पाठवण्याचा प्रश्न त्यामुळे राष्ट्रीय संसदांकडेच राहिला, आणि तिथे देशागणिक तऱ्हा वेगळी. फ्रान्समध्ये २००८ च्या घटनादुरुस्तीनुसार सरकारने तीन दिवसांत संसदेला कळवायचे असते. मतदान मात्र मोहीम चार महिन्यांपलीकडे लांबवायची असेल तरच. जर्मनीत संविधान न्यायालयाने १२ जुलै १९९४ रोजी सशस्त्र मोहिमेसाठी संसदेची संमती, तीही एरवी आधीच, बंधनकारक ठरवली. अफगाणिस्तान मोहिमेसाठी ती मिळवताना चॅन्सलर श्रोडर यांना २००१ मध्ये विश्वासमताची जोड द्यावी लागली. ३३४ मते हवी होती, मिळाली ३३६. पुढे २००३ मध्ये तुर्कस्तानवरील ‘नाटो’च्या टेहळणी विमानांत संमतीविना जर्मन सैनिक बसवले गेले, तेव्हाही २००८ मध्ये याच न्यायालयाने सरकारला चुकीचे ठरवले.

ब्रसेल्समध्ये मात्र असा निकाल मागण्याजोगा संमतीचा हक्क करारांनी संसदेला दिलेलाच नाही. म्हणून ‘सेफ’विरुद्धच्या तिच्या दाव्यात योजनेच्या उद्दिष्टाला आव्हान नाही, तक्रार आहे ती केवळ निवडलेल्या कलमाविषयी.