बॅटल रोपच्या कॅलरी : घड्याळाचा आकडा आणि मेटचा हिशेब

बॅटल रोप म्हणजे खुंट्याला अडकवलेली जाड दोरी हातांनी हलवून लाटा काढायचा व्यायाम. दहा मिनिटं तो मारून झाला की दोन आकडे समोर येतात. मनगटावरचं घड्याळ म्हणतं दोनशे कॅलरी. मोबाइलवर वजन आणि वेळ टाकून हिशेब केला तर येतात शंभर-सव्वाशे. मग नागपूरच्या कुठल्याही जिममध्ये ऐकू येणारा प्रश्न ठरलेला: "भाऊ, घड्याळ तर दोनशे दाखवून राहिलं, मग खरं कोणतं?" बहुतेक जण मोठा आकडा खरा धरतात आणि बाहेर पडल्या पडल्या तर्री पोह्याच्या ठेल्यावर तो वसूलही करून टाकतात. वजन उतरत नाही म्हणून महिनाभराने रोपला दोष देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण रोप हा उत्तम व्यायाम आहे, चूक आकडा वाचण्यात आहे.

दोन्ही आकडे कॅलरीचेच असले तरी ते येतात वेगवेगळ्या ठिकाणाहून. घड्याळ मोजतं हृदयाचे ठोके, आणि त्यावरून कॅलरींचा अंदाज बांधतं. मोबाइलवरचा हिशेब होतो मेटवरून, म्हणजे व्यायामाचा जोर सांगणाऱ्या मापावरून. हा मेटचा आकडा मात्र प्रयोगशाळेत, तोंडावर मास्क लावून, श्वासातून मोजलेल्या ऑक्सिजनवरून आलेला असतो. शरीर अन्न जाळतं ते ऑक्सिजन वापरून, म्हणून ऑक्सिजन हा कॅलरीच्या जास्त जवळचा साक्षीदार. चालताना, धावताना, सायकल मारताना ठोके आणि ऑक्सिजन बऱ्यापैकी बरोबरीने चढतात, त्यामुळे घड्याळाचं फारसं बिघडत नाही. रोप हातात घेतला की ठोके पुढे पळतात आणि ऑक्सिजन मागे राहतो. त्यात मे महिना असेल तर विचारूच नका.

आधी मेट. स्वस्थ बसलेल्या माणसाला दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो असं धरतात, तो १ मेट. एक लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण ५ किलोकॅलरी खर्च होतात. बोलताना आपण किलोकॅलरीलाच कॅलरी म्हणतो, इथेही तसंच म्हणतो. यातून सूत्र निघतं: मेट गुणिले ३.५ गुणिले वजन, भागिले २००, म्हणजे मिनिटाच्या कॅलरी. ७० किलोच्या माणसाने ८ मेटचा व्यायाम केला तर मिनिटाला ९.८ कॅलरी.

रोपसाठी मेट किती धरायचा? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दहा मिनिटांचा व्यायाम मोजला होता: १५ सेकंद दोन्ही हातांनी लाटा, ४५ सेकंद विश्रांती, असं दहा वेळा. ऑक्सिजनचा वापर सर्वांत वर गेला तेव्हा तो १० मेटच्या आसपास होता, आणि दहा मिनिटांचा एकूण सरासरी खर्च भरला ४६७ किलोज्यूल, म्हणजे सुमारे ११२ कॅलरी. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात स्क्वॉट, डेडलिफ्ट, बर्पी अशा व्यायामांशी रोपची तुलना झाली होती, आणि ऑक्सिजनच्या वापरात रोप सगळ्यांच्या वर होता. तेव्हा रोपमध्ये दम नाही असं कुणी म्हणू नये. पण दहा मिनिटांच्या शंभर-सव्वाशे कॅलरीत तर्री पोह्याची एक प्लेटसुद्धा भरून निघत नाही, हेही तितकंच खरं.

वरच्या अभ्यासात खरी मेहनत फक्त अडीच मिनिटांची होती. तरी ११२ कॅलरी दहाही मिनिटांच्या मिळून आहेत, कारण ४५ सेकंदांच्या विश्रांतीत माणूस धापा टाकत असतो आणि ऑक्सिजन वापरतच असतो. म्हणून असा आकडा वापरायचा तर छोट्या विश्रांतीसकट सगळा वेळ मोजायचा. मात्र दोन सेटमध्ये तीन-चार मिनिटं मोबाइल बघितला, मित्राशी गप्पा मारल्या, तर तो वेळ या हिशेबात बसत नाही. सर्वांत मोठी चूक होते ती मिनिटाच्या आकड्याला साठने गुणण्यात. 'रोपने तासाला सातशे कॅलरी' असे फलक यातूनच येतात. तासभर त्या जोरात रोप मारणारा माणूस मी नागपुरात अजून पाहिला नाही.

मेटच्या सूत्रातही एक गडबड आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. सूत्र वजनाने गुणतं. धावताना ते रास्त, कारण ९० किलोचा माणूस ९० किलो उचलून धावतो. रोपमध्ये पाय जमिनीवर रोवलेले असतात आणि हलवायची असते ती दोरी. पन्नास किलोच्या ताईंना आणि नव्वद किलोच्या दादांना दोरी तीच मिळते. त्यामुळे वजनाने सरळ गुणलं की दादांचा आकडा फुगतो आणि ताईंचा आखडतो. वजनापेक्षा दोरी काय आहे ते जास्त महत्त्वाचं: ३८ मिलिमीटर जाडीची की ५० मिलिमीटरची, ९ मीटरची की १५ मीटरची. उभं कुठे राहिलात तेही बघा. खुंट्याच्या जवळ सरकलात की दोरीत झोळ वाढतो आणि लाट शेवटपर्यंत नेणं जड जातं; मागे सरकून दोरी ताणली की तोच सेट हलका होतो. हे कुठलंच घड्याळ विचारत नाही आणि कुठलंच सूत्रही विचारत नाही.

आता घड्याळ. रोपवर ते जास्त का दाखवतं याची कारणं शरीरातच आहेत. हातांचे स्नायू पायांच्या मानाने लहान. तेवढाच ऑक्सिजन हातांनी वापरायचा तर हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. पायांचे मोठे स्नायू चालताना रक्त वर ढकलत असतात, ती मदत रोपमध्ये कमी मिळते. मग दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी आणि ठोके जास्त. वरून मुठी आवळलेल्या. तिसऱ्या-चौथ्या सेटला कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग लाकडासारखा ताठ होतो, बोटं उघडायला वेळ लागतो, आणि पुष्कळ जण नकळत श्वास रोखून धरतात. या आवळण्याने रक्तदाब आणि ठोके दोन्ही चढतात, पण त्या प्रमाणात कॅलरी जळत नाहीत. घड्याळाला हे कळायला मार्ग नाही. त्याला १७० ठोके दिसले की ते समजतं हा माणूस जोरात धावतोय, आणि धावण्याच्या कॅलरी लिहून टाकतं.

दुसरी अडचण ठोके मोजण्यातच. घड्याळाच्या मागचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची धडधड वाचतो. रोपमध्ये मनगट सतत वर-खाली होतं, शिरा तटतटतात, घामाने पट्टा घसरतो. अशा वेळी काही घड्याळं हृदयाऐवजी हाताच्या झटक्यांचीच लय मोजायला लागतात. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधलं तर थोडी सुधारणा होते. छातीचा पट्टा त्याहून चांगला. पण त्याने फक्त ठोके बरोबर येतील, ठोक्यांवरून कॅलरी काढण्यातली चूक तशीच राहील. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात मनगटी उपकरणं ६० स्वयंसेवकांवर तपासली. सातपैकी सहांनी ठोके ५ टक्क्यांच्या आतल्या चुकीने मोजले. कॅलरीत मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाची चूक २७ टक्के निघाली आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. त्या चाचणीत चालणं, धावणं, सायकल होती. रोप तर याहून अवघड परीक्षा.

आणि मग आपलं ऊन. मे महिन्यात पहाटे सहालाही पत्र्याच्या शेडखालच्या जिममध्ये हवा तापलेलीच असते. शरीर रक्त कातडीकडे पाठवतं, घाम काढतं, रक्तातलं पाणी कमी होतं, आणि तेच काम करायला हृदयाला जास्त ठोके लागतात. सेटमागून सेट तीच लय ठेवली तरी ठोके हळूहळू चढत जातात. पावसाळा सुरू झाला की वेगळंच. मेच्या कोरड्या हवेत खसच्या ताट्यांचा कूलर छान काम करतो. जुलैत तोच कूलर खोलीत ओल भरतो, घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि ठोके परत वर. जानेवारीत जो सेट १५० वर संपायचा तो मेमध्ये १६५ वर संपतो. जळालेल्या कॅलरी जवळपास तेवढ्याच, पण घड्याळ मेमध्ये जास्त देतं. व्यायामानंतर वजनकाट्यावर कमी झालेलं अर्धा-एक किलो तर निव्वळ पाणी. दोन ग्लास पाणी आणि एक ग्लास ताक प्यायलं की ते परत येतं, आणि यायलाच हवं.

उपकरणाने दाखवलं म्हणजे ते खरं, असं आपण नागपूरकरांनी तरी मानू नये. २०२४ च्या मे अखेरीस रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्यानेच सांगितलं की सेन्सर बिघडला होता.

एक उलटी बाजूही आहे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर ठोके दाबलेले राहतात आणि घड्याळ कॅलरी कमी दाखवतं. अशा काका-काकूंनी ठोक्यांवरून जोर ठरवू नये; बोलता येतंय का, वाक्य पूर्ण होतंय का, एवढं बघावं आणि डॉक्टरांना विचारूनच रोप धरावा.

माझं मत सांगतो. खाण्याच्या वहीत मेटचा आकडा लिहावा, तोही हात आखडता ठेवून. रोपच्या सेटसाठी छोट्या विश्रांतीसकट ८ मेट धरावा. नुसत्या हातांच्या हलक्या लाटा असतील तर ७, आणि गुडघे वाकवून, कमरेतून, दोन्ही हातांनी दोरी आपटत असाल तर १०. पाय आणि कंबर जितकी कामाला लागतील तितका घड्याळाचा आणि मेटचा आकडा जवळ येतो, हेही लक्षात ठेवा. मग त्यातून बसल्या जागी जळणाऱ्या कॅलरी वजा करायच्या: ७० किलोच्या माणसाला मिनिटाला सव्वा, दहा मिनिटांत बारा. काही घड्याळं एकूण आणि सक्रिय अशा दोन कॅलरी वेगळ्या दाखवतात. वहीत एकूण लिहिली तर बसल्या जागचा हा खर्च दोनदा मोजला जातो. ७० किलो, दहा मिनिटं, ८ मेट: ९८ वजा १२, म्हणजे ८६. व्यायाम संपल्यावर पुढे काही वेळ थोडं जास्त जळत राहतं ते खरं, पण त्याच्या भरवशावर जिलबी मागवण्याइतकं ते नसतं.

घड्याळ मग काढून ठेवायचं का? मुळीच नाही. ते हृदयावर आज किती ताण आला हे सांगतं, आणि आपल्या हवेत तेच जास्त जपायचं. १५ सेकंदांत किती लाटा मारल्या ते मोजा आणि सेट संपताना ठोके बघा. लाटा तेवढ्याच राहून महिनाभरात ठोके खाली आले तर तुमची ताकद वाढते आहे, मग कॅलरीचा आकडा घटलेला दिसला तरी घाबरू नका. लाटा तेवढ्याच आणि ठोके दहा-पंधराने वर, तर आधी ऊन, पाणी आणि रात्रीची झोप तपासा. अशा दिवशी विश्रांती ४५ सेकंदांवरून दीड मिनिट करा, सेट कमी करा, आणि वहीत ८ ऐवजी ६ मेट लिहा.