भूकंपात घर पडलं किंवा तडे गेले तर सरकारी मदत कशी मिळते: पंचनामा, पात्रता, कागदपत्रं

भूकंप झाला की लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतात की अमुक लिंकवर फॉर्म भरा आणि एवढे लाख मिळवा, तर असल्या लिंकच्या नादी लागू नका. घरपडझडीची मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते आणि ती कुठल्या फॉर्मवर नाही तर पंचनाम्यावर ठरते. पंचनाम्यात जे लिहिलं तेच पुढे तहसीलला जातं, त्यामुळे सगळा जोर तिथे लावायचा.

पंचनामा करतात तलाठी (हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि ग्रामसेवक, आणि घर किती पडलंय यावर वाद असेल तर बांधकाम खात्याचा इंजिनिअर बोलवायला सांगता येतं. ते येईपर्यंत मलबा उचलू नका असं सांगितलं जातं, पण माणसं किंवा जनावरं अडकली असतील तर अर्थातच थांबायचं नाही, आणि धोकादायक भिंत पाडावीच लागणार असेल तर आधी चारही बाजूंनी फोटो, व्हिडिओ काढा, फोटोत घर नंबर किंवा शेजारचं घर दिसेल असं बघा. कोणी फिरकलंच नाही तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 नंबर आहे, आणि तहसीलदारांच्या नावाने साध्या कागदावर अर्ज लिहून आवक-जावकला द्या, पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा.

आता किती मिळतं ते. केंद्राने 2022 मध्ये ठरवलेले हे दर 2025-26 पर्यंतचे आहेत, राज्य सरकार कधी स्वतःची भर घालतं म्हणून त्या वेळचा शासन निर्णय बघायचाच. घर पूर्ण पडलं किंवा राहण्यालायक उरलं नाही तर सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगरी भागात 1 लाख 30 हजार, पक्कं असो की कच्चं. झोपडीला 8 हजार. घराला लागून गोठा असेल तर त्याचे 3 हजार वेगळे. घर पूर्ण गेलेल्या कुटुंबाला कपड्यांसाठी 2500 आणि भांड्यांसाठी 2500, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि मागत नाहीत.

खरी गोची आहे अंशतः पडझडीत. नुकसान निदान 15 टक्के असेल तरच पैसे, तेही पक्क्या घराला 6500 आणि कच्च्याला 4000. डहाणू-तलासरीकडे 2018 च्या नोव्हेंबरपासून जे धक्के बसत राहिले किंवा हिंगोलीला 2024 च्या जुलैमध्ये जो बसला तसल्या भूकंपात घर पडत नाही, तडे जातात, आणि तडा म्हटलं की "किरकोळ" लिहून मोकळे होतात. म्हणून नुसतं "तडे गेले" लिहू देऊ नका, कुठली भिंत, तडा आरपार आहे का, भिंत बाहेर कलली का, आढं किंवा तुळई सरकली का, हे सगळं नोंदवायला लावा. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद असेल तर जास्तच, कारण 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीला माणसं मेली ती मुख्यतः असल्याच घरांखाली. 6500 आणि 1 लाख 20 हजार यात काही मधलं नाही हे मला स्वतःला अजिबात पटत नाही, पण नियम तसा आहे.

कागद म्हणाल तर आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक आणि घराचा नमुना 8 चा उतारा, शेतात घर असेल तर सातबारा. पैसे थेट खात्यात येतात, त्यामुळे खातं आधारला जोडलेलं आणि चालू आहे ना ते आधीच बँकेत विचारून घ्या, वर्षानुवर्षं न वापरलेल्या खात्यामुळे पैसे अडकतात. कागदच मलब्यात गेले तर घाबरू नका, नमुना 8 ग्रामपंचायतीत असतो, आधार परत निघतं, पण पंचनामा कागदांसाठी थांबवू देऊ नका.

अडचण येते ती उतारा आजोबांच्या नावावर आणि राहतात तीन भाऊ तेव्हा. अशा वेळी पंचनाम्यात प्रत्येक चूल वेगळी नोंदवायला सांगा, बाकी वारसांचं संमतीपत्र जोडा. सासऱ्याच्या नावावरच्या घरात राहणाऱ्या विधवा बाईचं नाव तर हमखास सुटतं, तिच्यासाठी गावातल्या कोणीतरी पंचनाम्याच्या वेळी उभं राहायला हवं. घर अधिकृत असावं अशीही अट आहे, म्हणजे गायरानावरचं किंवा वनजमिनीवरचं घर असेल तर नकार येऊ शकतो, तरीही पंचनामा करून घ्याच, कारण पुढे सरकारने अट शिथिल केली तरी पंचनाम्याशिवाय नाव कुठून आणणार.

माणूस गेला असेल तर वारसांना 4 लाख, त्याला मृत्यू दाखला, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट आणि वारसाचे कागद लागतात. अपंगत्व 40 ते 60 टक्के असेल तर 74 हजार, 60 च्या वर अडीच लाख, सरकारी डॉक्टरचं सर्टिफिकेट हवं. आठवड्याहून जास्त अ‍ॅडमिट राहिलात तर 16 हजार, कमी असेल तर 5400, मात्र आयुष्मान भारतमधून उपचार झाले असतील तर हे मिळत नाही.

दुभत्या गाई-म्हशीला 37500, बैलाला 32 हजार, शेळी-मेंढीला 4 हजार, पण मोठी दुभती जनावरं तीनच धरतात. मेलेलं जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकीय डॉक्टरला दाखवा.

यादी ग्रामपंचायतीत लागली की स्वतः जाऊन बघा. नाव नाही किंवा "पूर्ण" ऐवजी "अंशतः" पडलंय तर फोटो आणि पोच जोडून तहसीलदारांकडे फेरपंचनामा मागा, तिथे झालं नाही तर प्रांत, मग जिल्हाधिकारी. पंचनाम्याची प्रत माहिती अधिकारात मागता येते. आणि कोणी म्हणालं की चांगलं घर पडलेलं दाखवून देतो, एवढे दे, तर लांब राहा, आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 52 खाली खोट्या दाव्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे आणि त्यात अडकतो तो अर्जदार, एजंट नाही.