कात्सुदोनची पार्श्वभूमी : मांसबंदीपासून घरच्या वाडग्यापर्यंत

डुकराच्या मांसाचा तुकडा ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळायचा, कांद्याबरोबर गोडसर-खारट रसात थोडा वेळ उकळू द्यायचा, त्यावर फेटलेले अंडे सोडायचे आणि सगळे गरम भातावर अलगद सरकवायचे, एवढीच कात्सुदोन या जपानी पदार्थाची कृती आहे. तो प्रथमच घरी करणाऱ्याला मात्र एक शंका हमखास येते, की इतक्या निगुतीने कुरकुरीत केलेले आवरण लगेच रसात का भिजवायचे? या शंकेचा उलगडा कृतीच्या पुस्तकांत सहसा मिळत नाही. त्यासाठी हा पदार्थ कोणकोणत्या स्वयंपाकघरांतून फिरत आला, हे पाहावे लागते.

जपानमध्ये मांसाहाराला दीर्घकाळ प्रतिष्ठा नव्हती. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मू यांनी गुरे, घोडे, कुत्री, माकडे आणि कोंबड्या यांचे मांस वर्षातील ठरावीक महिन्यांत खाण्यास मनाई केली. पुढे बौद्ध धर्माच्या प्रभावाने चार पायांच्या प्राण्यांचे मांस एकूणच निषिद्ध मानले जाऊ लागले. ही बंदी कधीच पूर्ण पाळली गेली नाही. रानडुक्कर आणि हरीण मूळ फर्मानात नव्हतेच, दक्षिणेकडील रिऊक्यू बेटांवर आणि सात्सुमा प्रांतात डुकराचे मांस खाल्ले जाई, आणि शेवटचे शोगुन, म्हणजे लष्करी शासक, तोकुगावा योशिनोबु यांची डुकराच्या मांसाची आवड तर सर्वश्रुत होती. तरीही सामान्य घरात असे मांस शिजत नसे. १८६८ मध्ये मेइजी राजवट सुरू झाल्यावर हे चित्र पालटू लागले आणि १८७२ च्या आरंभी सम्राटांनी स्वतः गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले. पाश्चात्त्य राष्ट्रांच्या बरोबरीला यायचे तर त्यांच्यासारखा आहार हवा, ही त्या काळातील राज्यकर्त्यांची धारणा होती. आधी पुढे गेले ते गोमांस. डुकराचे मांस बराच काळ मागेच राहिले.

ते पुढे आले तोक्योच्या गिन्झा भागातील रेन्गातेई या उपाहारगृहातून. १८९५ मध्ये किदा मोतोजिरो यांनी हे पाश्चात्त्य पद्धतीचे उपाहारगृह काढले. युरोपीय पद्धतीत वासराच्या मांसाचे काप चुऱ्यात घोळवून थोड्या लोण्यात परततात. बहुसंख्य जपानी गिऱ्हाइकांना तो लोण्याचा जडपणा रुचत नव्हता, शिवाय एकेक काप परतत बसण्यात वेळ जाई. १८९९ च्या सुमारास किदा यांनी डुकराचे मांस घेऊन ते भरपूर तेलात, तेम्पुरासारखे, तळायला सुरुवात केली. रेन्गातेईच्या परंपरेनुसार, १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात तरुण आचारी सैन्यात गेल्यामुळे शिजवलेल्या भाज्यांची जोड देणे अवघड झाले आणि त्यांच्या जागी बारीक चिरलेला कच्चा कोबी आला. तो आजही कात्सुशेजारी, म्हणजे अशा तळलेल्या कापाशेजारी, असतो.

तेम्पुराचा हा संदर्भ महत्त्वाचा आहे. पिठाच्या आवरणात तळण्याची ही रीत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या संपर्कातून जपानमध्ये रुजली, असे सामान्यतः मानले जाते. त्या संपर्काचा एक धागा थेट गोव्याशी जुळतो, कारण पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील सत्तेचे केंद्र गोवा होते. १५४९ मध्ये कागोशिमाला उतरलेले फ्रान्सिस झेवियर गोव्याहूनच निघाले होते आणि त्यांचे अवशेष जुन्या गोव्यात आहेत. म्हणजे किदा यांच्या कढईत एका युरोपीय पदार्थाला जे तंत्र लाभले, तेही तीन शतकांपूर्वी समुद्रमार्गे येऊन पूर्णपणे जपानी झालेले होते.

त्या काळी या पदार्थाला कात्सुरेत्सु म्हणत आणि त्यातला मांसाचा काप पातळ असे. जाड काप आतपर्यंत शिजवून, चॉपस्टिकने उचलता येतील अशा पट्ट्या कापून, भात आणि आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसो सूपबरोबर वाढण्याची पद्धत १९३० च्या आसपास तोक्योच्या उएनो भागात प्रचलित झाली आणि तोनकात्सु हे नावही तेव्हाच रुळले. याचे श्रेय बहुधा पोन्चिकेन या दुकानाच्या शिमादा शिन्जिरो यांना दिले जाते, पण त्याच परिसरातील इतर जुनी दुकानेही हा मान सांगतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कात्सुदोन त्याआधीच तयार झाला होता. आज आपण तोनकात्सुपासून कात्सुदोन केला असे समजतो, प्रत्यक्षात भातावर प्रथम आला तो पातळ कात्सुरेत्सु.

तो भातावर कोणी ठेवला, याविषयी एकाहून अधिक दावे आहेत आणि त्यांतील प्रमुख दावे तोक्योच्या वासेदा या विद्यापीठ परिसरातले आहेत. जर्मनीत पाककला शिकून आलेल्या ताकाबाताके मासुतारो यांनी १९१३ मध्ये वूस्टर पद्धतीच्या सॉसमध्ये बुडवलेला कात्सु भातावर ठेवून सादर केला. १९२३ च्या महाभूकंपानंतर ते आपल्या फुकुई या मूळ प्रांतात परतले, त्यामुळे तिथे आजही कात्सुदोन मागितला की सॉसचाच मिळतो. अंड्याच्या कात्सुदोनसाठी सान्चोआन या सोबा नूडल्सच्या दुकानाचे नाव घेतले जाते. १९१८ च्या सुमारास, उरलेल्या थंड कात्सुरेत्सुचे काय करावे या अडचणीतून त्याला रस आणि अंड्याची जोड मिळाली, असे सांगतात. हे दुकान २०१८ मध्ये बंद झाले. १९२१ मध्ये नाकानिशि केइजिरो या विद्यार्थ्याने ही युक्ती काढली, अशीही एक कथा आहे.

यांतील नेमकी व्यक्ती कोणती, यापेक्षा जागा कोणती हे मला अधिक बोलके वाटते. अंड्याच्या कात्सुदोनला लागणारी प्रत्येक गोष्ट सोबाच्या दुकानात आधीच हजर होती. सुकवलेल्या बोनितो माशाच्या किसाचा दाशी हा अर्क रोज उतरवला जाई, शोयु (सोया सॉस), मिरीन (स्वयंपाकातली गोड तांदळाची मद्यार्कयुक्त चटक) आणि साखर यांचे मुरवलेले मिश्रण भरून ठेवलेले असे, आणि चिकन व अंड्याचा ओयाकोदोन तर होताच. तोक्योच्या निन्ग्योचो भागातील तामाहिदे या उपाहारगृहात तो १८९१ मध्ये सुरू झाल्याचे मानतात. आणि मुख्य म्हणजे, तळलेले आवरण रसात भिजवणे ही सोबाच्या दुकानातली नित्याचीच गोष्ट होती. गरम सोबावर तेम्पुरा ठेवतात, तेव्हा त्याचे आवरण हळूहळू रस पिऊन मऊ होते, तेल रसात उतरते आणि दोघांचीही चव वाढते. ही चव ज्यांच्या जिभेवर रुळलेली होती, त्यांना भिजलेला कात्सु बिघडलेला वाटण्याचे कारणच नव्हते. घरी करणाऱ्याच्या शंकेचे उत्तर माझ्या मते इथे आहे.

जपानी ब्रेडचा चुराही, म्हणजे पान्को, याला साथ देतो. तो भरड आणि हलका असतो, त्यामुळे खालची बाजू रसात मुरली तरी वरच्या कडा काही काळ खुसखुशीत राहतात. घरी हे साधायचे असेल तर छोट्या पसरट भांड्यात एका वेळी एकाच वाडग्यापुरता ऐवज करावा. सोबाच्या दुकानात याच कामासाठी उभ्या दांड्याचे लहानसे भांडे असते, कारण अंडे जमताच सगळा थर न मोडता भातावर उतरवायचा असतो. कांदा रसात मऊ होऊ द्यावा, तळून कापलेला कात्सु त्यावर ठेवावा आणि अंडे दोन टप्प्यांत सोडावे. पहिला भाग कडेने जमू लागला की उरलेला भाग मध्यभागी ओतून, झाकण ठेवून लगेच आच बंद करावी. रस कात्सुच्या निम्म्या उंचीवर राहील इतकाच असावा. अंडे फार एकजीव फेटू नये, पांढरे आणि पिवळे वेगळे दिसले पाहिजे. जपानमध्ये अंड्यांच्या वेष्टनावरची मुदत ती कच्ची खाण्याच्या दृष्टीने ठरवलेली असते, म्हणून तिथे अंडे अर्धे ओले ठेवतात. आपल्याकडे ते पूर्ण जमू देणेच बरे. जपानी तांदूळ नसेल तर इंद्रायणी चालतो, कारण त्याचा भात चिकटसर होतो आणि रस धरून ठेवतो.

जपानमधल्या घरांत हा पदार्थ बहुतेकदा तळणापासून सुरू होत नाही. मांसविक्रेत्यांनी आपल्या दुकानांत कोरोक्के (जपानी क्रोकेट) आणि कात्सु तळून विकायला सुरुवात केली आणि पुढे सुपरमार्केटनीही तेच केले. त्यामुळे तयार कात्सु आणून किंवा आदल्या रात्रीचा उरलेला वापरून दुसऱ्या दिवशी कात्सुदोन करण्याची सवय घरोघरी पडली. ज्यांना आवरण रसात उकळून मऊ होऊ नये असे वाटते, त्यांच्यासाठी इतर प्रांतांनी आपापल्या वाटा काढल्या आहेत. निइगातामध्ये पातळ कात्सु शोयुच्या गोडसर रसात बुडवून लगेच भातावर ठेवतात, नागानो प्रांतातल्या कोमागाने येथे भात आणि कात्सु यांच्यामध्ये चिरलेल्या कोबीचा थर देऊन कात्सुला सॉस लावतात, तर ओकायामामध्ये त्यावर दाट तपकिरी डेमी-ग्लास सॉस ओततात.