‘लुक्रेटिव्ह’मधला बदललेला ‘ल’

‘लुक्रेटिव्ह ऑफर’ या शब्दांचा अर्थ अनेकदा ‘आकर्षक संधी’ असा सांगितला जातो, पण तो अपुरा आहे. लुक्रेटिव्ह काम म्हणजे चांगला पैसा मिळवून देणारे, किफायतशीर काम. ते कितीही कंटाळवाणे असले तरी हे विशेषण त्याला शोभते.

हा शब्द इंग्रजीत पंधराव्या शतकात आला. त्याच्या मुळाशी ‘लुक्रुम’, म्हणजे नफा, हे लॅटिन नाम आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत एका घराच्या प्रवेशद्वाराशी जमिनीवर ‘साल्वे लुक्रुम’, म्हणजे ‘नफ्या, तुझे स्वागत असो’, अशी अक्षरे सापडली. आपल्या दारावरचे ‘शुभ लाभ’ आठवावे अशीच ती आहेत. रोमन कायद्यात मात्र मोबदला न देता, दानातून किंवा मृत्युपत्रातून, झालेल्या प्राप्तीला हे विशेषण लावत असत.

मला या शब्दातला ‘र’ सर्वांत मोलाचा वाटतो. लॅटिनमध्ये साधनवाचक शब्द घडवणारा एक जुना प्रत्यय ‘-त्लोम’ असा होता, त्याचे पुढे ‘-क्लुम’ किंवा ‘-कुलुम’ झाले. पिण्याच्या भांड्याला ‘पोकुलुम’ म्हणत, आणि आपले ‘पात्र’ त्याच्याच नात्यातले आहे. त्या नियमाने येथे ‘लुक्लुम’ व्हायला हवे होते. परंतु जवळजवळ आलेले दोन ‘ल’ उच्चारणे जिभेला अवघड जाते, म्हणून त्यांपैकी एक बदलून ‘र’ झाला. भाषाविज्ञानात याला विषमीकरण म्हणतात. ‘नॅशनल’, ‘सेंट्रल’ यांच्या शेवटी ‘ल’ असताना ‘सोलर’, ‘पॉप्युलर’, ‘रेग्युलर’ यांच्या शेवटी ‘र’ का, याचेही उत्तर हेच आहे: या तिन्ही शब्दांत आधीच एक ‘ल’ आहे.

म्हणूनच केवळ ध्वनी जुळतो एवढ्यावरून ‘लुक्रेटिव्ह’चे नाते ‘लकी’शी किंवा लक्ष्मीशी जोडणे चूक आहे, व्युत्पत्ती ध्वनिबदलाच्या नियमांनी सिद्ध करावी लागते, अभिमानाने नव्हे. नाते शोधायचेच असेल तर वेतन या अर्थाचा जर्मन ‘लोन’ त्याच धातूचा मानला जातो.

विषमीकरण मराठीतही घडले आहे. संस्कृत ‘लांगल’चा मराठीत ‘नांगर’ झाला, तेव्हा दोन्ही ‘ल’ बदलले. ‘निढळाचा घाम’ यातील ‘निढळ’ म्हणजे कपाळ, मूळचे ‘ललाट’. तेथे एका ‘ल’चा ‘न’ झाला आणि उरलेल्या वर्णांनी जागा बदलल्या.