वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरची जीवनसत्त्वांची उणीव आणि मज्जाविकार

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर काही जीवनसत्त्वे व खनिजे कमी पडल्याने मेंदू, मज्जारज्जू आणि हातापायांच्या नसा यांना होणारी इजा. तळपायाला मुंग्या येण्यापासून ते शुद्ध हरपण्यापर्यंत तिची लक्षणे पसरलेली आहेत. लक्षण शस्त्रक्रियेनंतर किती दिवसांनी उमटले, यावरून कोणत्या घटकाची उणीव आहे याचा बराचसा अंदाज बांधता येतो. पहिल्या तीन महिन्यांतला संशयित ब१ असतो. ब१२ आणि तांबे वर्षे उलटल्यावर त्रास देतात.

लठ्ठपणावरील जठर-बायपास अमेरिकेत एडवर्ड मेसन यांनी १९६६च्या सुमारास रूढ केला. त्यात जठराचा जेमतेम ३० मिलिलिटरचा कप्पा ठेवून तो थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. त्यामुळे जठराचा मोठा भाग आणि आतड्याची सुरुवात यांना अन्नाचा स्पर्श होत नाही. भारतात बऱ्याच प्रमाणात होणाऱ्या ‘स्लीव्ह’मध्ये आतडे जागेवर राहते, पण जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात. स्लीव्हमध्ये आतड्याला हात लावलेला नसल्याने जीवनसत्त्वांचा प्रश्न येत नाही, हा समज रुग्णांत पक्का बसलेला आहे आणि तो चुकीचा आहे. मेयो क्लिनिकच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया झालेल्या ४३५ जणांपैकी ७१ जणांना, म्हणजे १६ टक्क्यांना, नसांचा विकार आढळला. तुलनेसाठी पाहिलेल्या, पित्ताशय काढलेल्यांत हेच प्रमाण ३ टक्के होते.

सर्वांत आधी संपते ते ब१, म्हणजे थायमिन. शरीरात त्याचा साठा २५ ते ३० मिलिग्रॅम असतो आणि बाहेरून भर पडली नाही तर तो दोन-तीन आठवड्यांत रिता होतो. शस्त्रक्रियेनंतर खाणे चमच्यांवर आलेले असते. त्यात घाईने गिळल्यामुळे किंवा जोडाची जागा अरुंद झाल्यामुळे उलट्या सुरू झाल्या, तर पोटात गेलेली गोळीही टिकत नाही. मग साधारण चौथ्या ते बाराव्या आठवड्यात एकाचे दोन दिसणे, बुबुळे आपोआप थरथरणे, दारू प्यायल्यासारखी डगमगती चाल, बोलण्यात विसंगती अशी लक्षणे दिसू लागतात. हा वेर्निकेचा मेंदूविकार. तिन्ही खुणा, म्हणजे डोळे, चाल आणि गोंधळ, एकत्र दिसतीलच असे नाही. बऱ्याच रुग्णांत त्यांतली एखादीच असते आणि एमआरआयही निर्दोष येऊ शकतो. काहींत मेंदूऐवजी पायांच्या नसा आधी धरतात. पायांतली ताकद झपाट्याने जाते आणि जिना चढवत नाही. हा कोरडा बेरीबेरी.

वेर्निकेचा विकार म्हणजे दारुड्यांचा आजार, अशी त्याची ओळख वैद्यकाच्या विद्यार्थ्यांतही रूढ आहे. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये वर्णन केलेल्या तीन रुग्णांपैकी दोघे खरोखरच मद्यपी होते. तिसरी मात्र एक तरुण शिवणकाम करणारी बाई. तिने सल्फ्युरिक आम्ल प्यायले होते, त्याने जठराचे तोंड आवळले आणि तिला सतत उलट्या होत होत्या. आजच्या बेरिअॅट्रिक, म्हणजे लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया झालेल्या, रुग्णाचे चित्र १८८१ मध्येच काढून ठेवलेले होते, असे म्हणायला हरकत नाही.

इंदूरच्या संदर्भात इथे थोडे थांबणे भाग आहे. हे शहर मध्य भारतातील बेरिअॅट्रिक शस्त्रक्रियेचे एक ठळक केंद्र आहे आणि देवास, उज्जैन, खंडवा, बऱ्हाणपूरकडचे रुग्णही येथे येतात. होळकरांच्या काळापासून माळव्यात स्थिरावलेल्या मराठी घरांत, मग ते रामबागेतले असो की सुदामानगरातले, पायांच्या बधिरपणाला ‘पाय सुन्न पडलेत’, मुंग्यांना ‘झुनझुनी’ आणि या सगळ्याला मिळून ‘कमजोरी’ म्हणतात. शस्त्रक्रिया झाली आहे, खाणे कमी आहे, म्हणजे कमजोरी येणारच, असा घरच्यांचा हिशेब. त्यावर ठरलेला सल्ला असतो, ‘अहो, एक बॉटल चढवून घ्या’. ही ‘बॉटल’ बहुधा ग्लुकोजची असते आणि धोका नेमका तिथे आहे. साखरेपासून ऊर्जा मिळवण्याच्या रासायनिक साखळीत थायमिन लागतेच. साठा तळाला गेलेला असताना शिरेतून ग्लुकोज सोडले, तर उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि डगमगणारा रुग्ण काही तासांत भ्रमिष्ट होऊ शकतो. म्हणून आधी थायमिन, मग ग्लुकोज, हा क्रम पाळतात. ‘एमवाय’सारख्या मोठ्या रुग्णालयात असो की गल्लीतल्या दवाखान्यात, उलट्यांची तक्रार सांगताना पोटाची शस्त्रक्रिया झाल्याचे सांगणे म्हणूनच आवश्यक. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होत असल्याने पोटावर मोठा व्रण नसतो आणि तपासणाऱ्याला ती दिसून येतेच असे नाही.

उपवासाचाही मुद्दा आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो थायमिनची गरज वाढवतो, स्वतः काही देत नाही. इंदूरच्या राजवाडा-सराफ्यातल्या साबुदाणा खिचडीत थायमिन येते ते शेंगदाण्यांतून, पण जठर लहान झालेला माणूस शेंगदाणे बाजूला काढून मऊ तेवढे खातो. कोंडा काढून पॉलिश केलेला तांदूळ आणि बेरीबेरी यांचा संबंध जावामध्ये क्रिस्तियान आइकमन यांनी कोंबड्यांवर दाखवला होता. त्यासाठी त्यांना १९२९चे नोबेल विभागून मिळाले.

संशय आला की रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता थायमिन शिरेतून देतात. मात्रा मोठी, बहुधा ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, आणि जोडीला मॅग्नेशियमची भरपाई, कारण त्यावाचून थायमिन काम करू शकत नाही. डोळ्यांची हालचाल तासांत-दिवसांत सुधारते, चाल सावकाश. उशीर झाल्यास नवे काही लक्षात न राहण्याचा कोर्साकोफचा विकार मागे उरू शकतो.

ब१२ची गोष्ट अगदी उलट आहे. यकृतात त्याचा २ ते ५ मिलिग्रॅम साठा असतो आणि रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, म्हणजे शिदोरी काही वर्षांची. अन्नातील प्रथिनांपासून ब१२ सोडवायला जठराचे आम्ल लागते, त्याला बांधून घ्यायला जठराच्याच पेशींतून स्रवणारा अंतस्थ घटक लागतो आणि शोषण होते लहान आतड्याच्या अगदी शेवटी. स्लीव्हमध्ये या पेशींचा मोठा भाग कापला जातो, बायपासमध्ये अन्नाची आणि स्रावांची गाठ उशिरा पडते. मुळात शाकाहारी माणसाची शिदोरी भरलेली नसतेच. त्याचे ब१२ दूध, दही, ताक यांवर अवलंबून, आणि शस्त्रक्रियेनंतर तेही वाटीभर. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी आम्लरोधक गोळ्या चालू असतील, तर शोषण आणखी घटते.

लक्षणे दोन्ही पायांत सारखीच, बोटांपासून वर चढणारी. मुंग्या, मग कापसावर चालल्यासारखे वाटणे, मग चप्पल पायातून निसटली तरी न कळणे. मज्जारज्जूचा मागचा भाग झिजल्याने पाय कुठे आहे याची जाणीव जाते आणि ते काम डोळे करू लागतात. त्यामुळे तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मोरीत तोल जातो. दवाखान्यात पाय जुळवून, डोळे मिटून उभे करतात ती रोमबर्ग चाचणी हेच पाहते. विस्मरण, चिडचिड, उदासी हीही ब१२ची लक्षणे असू शकतात.

एक चकवा येथे नोंदवायला हवा. ब१२ची कमतरता रक्तक्षयावरून कळेल, असे गृहीत धरले जाते. फॉलिक आम्लाच्या गोळ्या चालू असतील तर रक्त सुधारते, नसांची झीज मात्र चालूच राहते. याच फॉलिक आम्लाचा माग ल्युसी विल्स यांना मुंबईतल्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयावर काम करताना लागला आणि तो अहवाल १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. तसेच भूल देताना वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड वायू ब१२ निष्क्रिय करतो. काठावरची पातळी असलेला रुग्ण पुढे दुसऱ्या एखाद्या शस्त्रक्रियेनंतर अचानक लुळा पडू शकतो. रक्तातील ब१२ काठावर आले तर ब१२ कमी पडल्यावर वाढणारी मिथिलमॅलोनिक आम्ल आणि होमोसिस्टीन ही द्रव्ये पाहून निर्णय करतात.

ब१२ भरून काढूनही चाल सुधारत नसेल तर तांबे तपासावे. त्याच्या उणिवेचे चित्र हुबेहूब ब१२सारखे असते. केस गळतात म्हणून मनानेच घेतलेल्या जस्ताच्या गोळ्या तांब्याचे शोषण अडवतात. तांब्याच्या लोट्यातले पाणी हा त्यावर इलाज नव्हे. ‘ई’ जीवनसत्त्वाच्या अभावीही तोल जातो, पण ते विरळ. ओठांभोवती मुंग्या आणि हातांत गोळे येत असतील तर कॅल्शियम व ‘ड’ यांकडे पाहावे.

सगळाच दोष जीवनसत्त्वांचा नसतो. वजन वेगाने उतरले की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडावरून जाणाऱ्या नसेवरची चरबीची गादी नाहीशी होते. मग पायावर पाय टाकून किंवा बराच वेळ उकिडवे बसले की ती नस चेपते आणि एका पायाचे पाऊल वर उचलत नाही, बोटे जमिनीला घासतात. एकाच बाजूला असणे ही त्याची खूण. पंगतीत मांडी घालून बसणे काही महिने टाळून खुर्चीवर जेवले, तर बहुतेकांचे पाऊल सावकाश पूर्ववत होते.

प्रतिबंधासाठी रक्ततपासणी शस्त्रक्रियेपूर्वी, नंतर तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी करतात. गोळ्या आयुष्यभराच्या. ब१२ तोंडाने रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम किंवा सुईने महिन्याला १००० मायक्रोग्रॅम. मोठ्या मात्रेचा सुमारे एक टक्का भाग अंतस्थ घटकावाचूनही शोषला जातो, म्हणून गोळीही चालते. कॅल्शियम सायट्रेट स्वरूपात, कारण कार्बोनेटला आम्ल लागते. औषधाच्या दुकानातून ‘नसांची गोळी’ म्हणून मिळणाऱ्या मिश्रणांत ब६ही असते. ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले तर ब६मुळेच हातापायांच्या संवेदी नसा बिघडतात आणि पुन्हा तशाच मुंग्या येऊ लागतात.