सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत एकाच पदावर अडकलेल्या कर्मचाऱ्याला पद न बदलता वरचे वेतन देणारी योजना. कचेऱ्यांत तिला नुसते ‘आश्वासित’ म्हणतात, अलीकडे ‘दहा-वीस-तीस’ही.

वरची जागा रिकामी झाल्याशिवाय बढती नाही, आणि वरच्या जागा मोजक्याच. त्यामुळे लिपिक म्हणून लागलेला माणूस लिपिक म्हणूनच निवृत्त होई. शासकीय भाषेतली ही ‘कुंठितता’ घालवण्यासाठी १९९५ मध्ये गट क आणि गट ड कर्मचाऱ्यांना कालबद्ध पदोन्नती योजना लागू झाली. १२ वर्षांच्या नियमित सेवेनंतर वरची वेतनश्रेणी, असे तिचे सूत्र होते. २००१ मध्ये तिच्या जागी आश्वासित प्रगती योजना आली. २०१० च्या निर्णयाने १२ आणि २४ वर्षांनंतर असे दोन लाभ झाले. सातव्या वेतन आयोगानंतर, २ मार्च २०१९ च्या निर्णयाने, १०, २० आणि ३० वर्षांनंतर असे तीन लाभ ठरले. केंद्राने हेच अंतर २००८ पासून स्वीकारले होते.

नाव ‘आश्वासित’ असले तरी नुसती वर्षे भरून भागत नाही. बढतीला जी पात्रता लागते तीच इथेही लागते: विभागीय परीक्षा उत्तीर्ण हवी, गोपनीय अहवाल समाधानकारक हवेत. महसूल खात्यात दुय्यम सेवा परीक्षा आणि महसूल अर्हता परीक्षा यांचा अभ्यास दप्तराचे काम सांभाळून करावा लागतो, आणि तो लांबणीवर टाकणाऱ्याचे नुकसान पुढे बरीच वर्षे पगारात दिसत राहते. म्हणून जाणते कर्मचारी नव्याला पहिल्या वर्षापासून तीन कागदांवर लक्ष ठेवायला सांगतात: सेवापुस्तकातल्या नोंदी, ज्येष्ठता सूचीतला क्रमांक आणि दरवर्षीचा ‘सीआर’, म्हणजे गोपनीय अहवाल. सूचीवर हरकत घ्यायची तर मुदतीतच घ्यावी लागते.

योजनेची खरी गुंतागुंत बढती नाकारण्यात आहे. मुलांची शाळा, आजारी आईवडील, दूरचा तालुका अशा कारणांनी अनेकजण बदलीसह येणारी बढती टाळतात. पण बढती नाकारणाऱ्याला आश्वासितचा लाभ मिळत नाही, आणि आधी मिळाला असेल तर तो काढून घेतला जातो. उलट लाभ घेतल्यावर प्रत्यक्ष बढती मिळाली, तर वेतननिश्चितीचा फायदा दुसऱ्यांदा होत नाही. हाती येतात अधिकार आणि जबाबदारी. पैसा वर्षांवर आणि पद रिक्त जागेवर, अशी फारकत या योजनेने केली. नोकरीतले उद्दिष्ट पगारवाढ की खुर्ची, हे ज्याने आधी ठरवले नाही त्याची इथे ओढाताण होते.

शिक्षकांची व्यवस्था निराळी आहे. त्यांना १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि २४ वर्षांनी निवड श्रेणी मिळते. मात्र त्यासाठी विहित प्रशिक्षण पूर्ण करावे लागते.