मरीबा एक की दोन? रफीदीमचा खडक आणि कादेशचे पाणी

इस्राएल लोकांना मिसरातून (इजिप्तमधून) बाहेर काढणाऱ्या मोशेच्या हातून खडकातून पाणी निघाल्याची हकिकत बायबलमध्ये दोनदा येते: निर्गम या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात आणि गणना या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात. दोन्हीकडे नाव एकच, मरीबा. म्हणून वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की काठी मारायला देवानेच सांगितले होते, मग मारल्याबद्दल मोशेला शिक्षा कशी झाली? दोन मरीबांची सरमिसळ झाली की हा प्रश्न उभा राहतो.

हिब्रूत 'रीव' म्हणजे भांडण, तंटा. न्यायालयात मांडलेल्या दाव्यालाही हाच शब्द. त्यावरून मरीबा. म्हणजे लोक नुसते कुरकुरत नव्हते, मोशेला उभा करून जाब विचारत होते.

पहिला प्रसंग रफीदीमचा. मिसर सोडून फार दिवस झालेले नाहीत, सीनाय पर्वत अजून यायचा आहे. पाणी नाही म्हणून लोक इतके खवळतात की आपल्याला दगडमार होईल अशी भीती मोशेला वाटते. नील नदीवर मारलेली काठी घे, वडील मंडळींना बरोबर ने आणि होरेबातल्या खडकावर मार, अशी देवाची आज्ञा होते. मोशे तसेच करतो. कुणालाही शिक्षा होत नाही. त्या जागेला तो दोन नावे देतो, मस्सा म्हणजे परीक्षा आणि मरीबा म्हणजे तंटा. कारण 'परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही' असे विचारून लोकांनी देवाचीच परीक्षा पाहिली होती.

दुसरा प्रसंग कादेशचा, त्सीनच्या रानातला. (निर्गमातले सीन रान वेगळे. हिब्रूत दोघांचे पहिले अक्षरच निराळे आहे, देवनागरीत मात्र ती सहज एक वाटतात.) अरण्यवास संपत आला आहे. अध्यायाच्या पहिल्याच वचनात मोशेची बहीण मिर्याम मरते आणि लगेच पाणी नसल्याचे सांगितले जाते. यहुदी परंपरेने हा धागा पकडून असे मानले की इतकी वर्षे मिर्यामच्या पुण्याईने एक विहीर लोकांबरोबर चालत होती. या वेळी आज्ञा बदलते: काठी घे, पण खडकाशी बोल. मोशे बोलतो ते लोकांशी, तेही रागाने. 'अहो बंडखोरांनो, आम्ही तुमच्यासाठी या खडकातून पाणी काढावे काय?' असे म्हणून तो दोनदा काठी मारतो. पाणी भरपूर येते. पण मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन या दोघांनाही वचनदत्त देशाचे, म्हणजे देवाने लोकांना देऊ केलेल्या देशाचे, दार बंद होते.

नेमके कशासाठी? यहुदी भाष्यकार राशी याच्या मते बोलायचे सोडून मारले म्हणून, तर यहुदी तत्त्वज्ञ मैमोनिदेस याच्या मते संताप केला म्हणून. मला 'आम्ही' हा शब्द सगळ्यांत जड वाटतो. श्रेय देवाचे होते, ते त्या एका शब्दात मोशे-अहरोनाकडे सरकले. देवाचा ठपकाही हाच आहे की तुम्ही लोकांसमोर मला पवित्र मानले नाही. पुढच्या वचनात देव पवित्र ठरला असे म्हणताना हिब्रूत जे क्रियापद येते, ते 'कादेश'च्याच धातूचे आहे.

काही अभ्यासक दोन्ही हकिकती एकाच आठवणीची दोन रूपे मानतात. ती शक्यता उरतेच, पण आज समोर असलेला मजकूर दोन्ही जागा वेगळ्या राखतो. रफीदीमला मोशे जागेला नाव देतो. कादेशला जागेचे नाव कादेशच राहते, मरीबा म्हटले जाते ते पाण्याला. अनुवाद या पुस्तकाच्या ३२व्या अध्यायात आणि यहेज्केल संदेष्ट्याने आखलेल्या देशाच्या दक्षिण सीमेवर 'मरीबा-कादेश' असे जोडनाव येते, ते याच दुसऱ्या ठिकाणाचे. सोबत मस्सा असेल तर पहिले, जसे ९५व्या स्तोत्रात. तेच स्तोत्र नव्या करारातल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या ३ऱ्या अध्यायात ग्रीक भाषांतरावरून उद्धृत होते, तेव्हा मस्सा आणि मरीबा ही नावेच उरत नाहीत. त्यांच्या जागी परीक्षा आणि बंडखोरी अशा अर्थाचे साधे शब्द येतात.

१०६व्या स्तोत्रात मरीबाच्या पाण्यापाशी मोशेला लोकांमुळे भोगावे लागले असे म्हटले आहे, म्हणजे कादेशच. अडचण ८१व्या स्तोत्राची आहे. तिथे मस्साही नाही, कादेशही नाही, आणि मरीबाच्या पाण्यापाशी मी तुमची पारख केली असे देव सांगतो. त्याआधी मिसरातल्या ओझ्यातून केलेल्या सुटकेचा उल्लेख असल्याने मी ते रफीदीमकडे धरतो.